ट्रकवर घातलेला पैसा विकताना परत येतो का? बदल केलेली गाडी आणि कंपनीची गाडी, शेजारी-शेजारी

गेल्या वैशाखात निफाडजवळच्या एका गॅरेजसमोर दोन सहा टायरी गाड्या विक्रीला उभ्या होत्या. मॉडेल एकच, साल एकच, किलोमीटरही जवळपास सारखे. त्यातली एक माझी. उंच जाळीची बॉडी, टपावर कॅरियर, पुढे स्टीलचं जाड गार्ड, एलईडीच्या पट्ट्या, मागच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक जादा पाटा आणि आठच दिवसांपूर्वी मारलेला रंग. दुसरी गावातल्या एका काकांची. शोरूममधून आली तशीच, रंग उडालेला, फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराला, पोचे. संगमनेरहून आलेला गिऱ्हाईक आधी माझ्याच गाडीभोवती फिरला. मग त्यानं गोणपाट अंथरलं, मोबाईलचा टॉर्च लावला आणि गाडीखाली शिरला. बाहेर येऊन हात झटकत एवढंच म्हणाला, "भाऊ, हा पाटा कशासाठी टाकला होता?"

इसार त्यानं काकांच्या गाडीला दिला. माझी गाडी दीड महिन्यानं गेली, तीही काकांच्या गाडीपेक्षा 60 हजारांनी कमी. त्या दीड महिन्यात गिऱ्हाईक, दलाल आणि फायनान्सवाल्यांकडून जे ऐकलं, ते नवी गाडी घेऊन "आता हिच्यावर काय-काय करू" असा विचार करणाऱ्यांसाठी लिहितोय.

पाटे वाढवलेली गाडी की मूळ पाट्यांची?

सगळ्यात आधी हेच, कारण सगळ्यात जास्त भाव इथेच पडतो. जादा पाटा टाकल्यावर भरलेली गाडी मागे बसत नाही, शेतरस्त्यावर खाली घासत नाही, हे खरं आहे. पण पाटा वाढला म्हणून आरसीवरचं पासिंग, म्हणजे मालासकट गाडीचं परवानगी असलेलं वजन, वाढत नाही. ओव्हरलोड पकडला गेला तर 20 हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार, हा हिशोब पाट्याकडे बघत नाही. शिवाय रिकामी गाडी दणके खाते आणि ते दणके चेसीला जातात.

विकताना मात्र तो पाटा तुमच्याबद्दल बोलायला लागतो. जुन्या पाट्यांचा रंग गंजट, नव्याचा काळा. यू-बोल्टचे आटे मूळच्यापेक्षा लांब बाहेर आलेले. पाट्याच्या ब्रॅकेटजवळ कंपनीच्या रिव्हेटऐवजी एखादा बोल्ट, किंवा चेसीला वेल्डिंगची रेघ. हे दिसलं की गिऱ्हाईक पाट्याची किंमत धरत नाही. पाच वर्षं या गाडीनं किती ओझं ओढलं असेल, याचा अंदाज बांधतो. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळ्याकडे त्याच नजरेनं बघतो आणि त्या धास्तीचे पैसे भावातून कापतो. मी तो पाटा रस्ता खराब म्हणून टाकला होता. पण हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं.

काकांचेही पाटे एकदा बदललेले होते. मोजून मूळ होते तेवढेच, आणि दुकानाचं बिल आरसीच्या पाकिटात. त्यामुळे उलट त्यांचा भाव टिकला.

बॉडी: कंपनीची, लोकल, की मालाप्रमाणे खास?

इथे एकच उत्तर नाही. नुसती चेसी घेऊन लोकल कारागिराकडून बॉडी बांधली तर ती आपल्या मालाला बेतून मिळते. आमच्याकडे कांद्याला वारा लागतो म्हणून बाजूला फटी असलेली बॉडी लागते. द्राक्षाच्या क्रेटला सपाट तळ हवा. बॉडी बांधण्यात तमिळनाडूतल्या नामक्कलचं नाव मोठं आहे, तिथे बांधलेली दणकट बॉडी जाणकार लांबून ओळखतो.

पण वजन बघा. गाडीचं एकूण पासिंग ठरलेलं असतं. सहा टायरी ट्रकसाठी त्याची कमाल मर्यादा जुलै 2018 मध्ये 16.2 टनांवरून 18.5 टन झाली. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन गेलं की उरतो तो माल. लोखंडी अँगल आणि जाड पत्र्यानं बॉडी 300 किलोंनी जड झाली, तर कांद्याच्या 50 किलोच्या 6 गोण्या प्रत्येक खेपेला कमी. हा तोटा पुढच्या मालकालाही होणार असतो, आणि तो वजनकाट्यावरची जुनी पावती मागून हे तपासतो.

विकताना खरा प्रश्न असा की पुढच्या माणसाचा माल तुमच्यासारखाच आहे का. कांद्याची उंच जाळी लासलगाव, पिंपळगाव पट्ट्यात विकायला काढली तर दोन पैसे जास्त येतात. तीच गाडी सळई किंवा सिमेंट ओढणाऱ्यानं बघितली, तर जाळी कापायचा खर्च तो आधी वजा करतो. खास बॉडी असेल तर गाडी त्याच पट्ट्यात विका, भले दोन आठवडे जास्त थांबावं लागो. कुठे विकाल हे आज सांगता येत नसेल तर कंपनीची साधी बॉडीच बरी.

हौदा मागे वाढवून घेण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. मागचा लटकता भाग व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि रुंदी 2.6 मीटरच्या आत लागते. आरटीओच्या तपासणीत टेप लावला की हे उघडं पडतं. चेसी कापून व्हीलबेस वाढवलेली गाडी तर मी कुणालाच घ्या म्हणणार नाही.

आरसीवर चढलेला बदल आणि न चढलेला बदल

हा फरक मला उशिरा कळला, म्हणून जरा सविस्तर. जुनी गाडी घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढतो. फायनान्स कंपनीचा माणूस येऊन व्हॅल्युएशन करतो, आणि त्याचा कागद मॉडेल, साल, आरसी, विमा आणि गाडीची हालत यांवर चालतो. माझ्या जाळीवर, गार्डवर आणि रंगावर मी दीड लाखाच्या आसपास घातले होते. त्याच्या अहवालात त्यांना रकाना नव्हता. म्हणजे त्या वस्तूंचे पैसे गिऱ्हाइकाला खिशातून रोख द्यावे लागले असते. जुनी गाडी घेणाऱ्याकडे रोख पैसा नसतो, म्हणून तर तो जुनी गाडी घेतो.

कायद्याची बाजूही इथेच येते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं ठरवलेली मूळ रचना मालकानं बदलायची नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी 5 हजार रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत आरटीओची फिटनेस तपासणी दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. जुनी गाडी घेणारा हे पुढचे फेरे आधी मोजतो. नोंद नसलेला बदल म्हणजे त्याच्यासाठी प्रत्येक फेऱ्याला एक डोकेदुखी. विम्याचा दावाही त्यावरून अडू शकतो.

सीएनजीचं उदाहरण घ्या. कंपनीची सीएनजी गाडी आणि बाहेरून किट बसवलेला पेट्रोल छोटा हत्ती, यांत भाव कंपनीच्या गाडीलाच जास्त. पण किट मान्यताप्राप्त असेल, आरसीवर इंधन बदललेलं असेल, विम्यात नोंद असेल आणि सिलिंडरची दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली असेल, तर किटचा बराच पैसा निघतो. यातला एक कागद कमी असला तर किट काढून पेट्रोलवरच विकणं सोपं.

बाकीचं, थोडक्यात

रंग, चित्रं, दिवे, म्युझिकल हॉर्न: हौसेला मोल नाही, मीही केली. पण विकताना शून्य धरा. उलट ताज्या रंगानं संशय येतो, खाली पुट्टी आहे का हे लोक चुंबक लावून बघतात. माझ्या गाडीला तेच झालं. म्युझिकल हॉर्न आणि पुढचं गार्ड दोन्हीला बंदी आहे. ते काढल्यावर उरलेली भोकंही दिसतात.

टायर: चांगल्या कंपनीचे, निम्म्याहून जास्त नक्षी असलेले टायर भाव वर नेतात, सहाच्या सहा रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) असतील तर खाली. विकायच्या महिनाभर आधी नवे टायर घालू नका, त्याचे पूर्ण पैसे येत नाहीत.

एसी: 3.5 टनांवरच्या नव्या ट्रकला 1 ऑक्टोबर 2025 पासून केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. त्यामुळे यापुढे जुनी बिनएसी गाडी मागे पडेल असं मला वाटतं. तरी बाहेरून एसी बसवायचा तो ड्रायव्हरच्या जिवासाठी बसवा, विक्रीसाठी नको. वायरिंग कापून बसवलेला एसी विद्युत बिघाडाची शंका आणतो.

युरियाची सिस्टीम (धूर स्वच्छ करणारी) बायपास करणं: बीएस 6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाडीत हे कुणी सुचवलं तर हात जोडा. स्कॅनर लावणारा गिऱ्हाईक आता गावोगाव भेटतो, आणि अशी गाडी तो कोणत्याच भावाला घेत नाही.

काढून ठेवलेले मूळ भाग

आता माझ्याकडे दुसरी गाडी आहे. तिला जाळी केली, पण वेल्डिंग न करता नटबोल्टवर. कंपनीचा फाळका, बाजूच्या फळ्या आणि मूळ बंपर ताडपत्रीत गुंडाळून शेडमध्ये माळ्यावर ठेवलेत. पाट्यांना हात लावलेला नाही. विकायच्या आधी दोन माणसांचं एका दिवसाचं काम करून ती कंपनीची गाडी म्हणून उभी करायची, आणि जाळी कांद्याच्याच कुणा गाडीवाल्याला वेगळी विकायची. जाळीचं बिल, काट्याची पावती आणि आरटीओच्या दोन्ही तपासण्यांचे कागद एका पाकिटात घालून मी ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय.