मालकाचा चेहरा, अमूलची मुलगी की लिज्जतचा ससा?

मसाले, पापड, लोणची, दूध अशा खाण्याच्या धंद्यात दुसरी पिढी आली की जाहिरातीचा प्रश्न लगेच समोर येतो. पाकिटावर वडिलांचा फोटो ठेवायचा, एखादी एजन्सी नेमायची, की तो पैसा वाचवून मालातच घालायचा? बहुतेक घरांत हा वाद बजेटवर येऊन थांबतो. मला वाटतं, आधी पाहायला हवं की तुमच्याकडे निर्णय कोण घेतं आणि किती वेळात. त्यावर ठरतं की कुठली जाहिरात तुम्हाला झेपेल. आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असलेली तीन नावं घेऊन हे तपासून पाहू.

पहिलं नाव एमडीएच. महाशय धर्मपाल गुलाटी यांचा जन्म 1923 चा, सियालकोटचा. फाळणीनंतर ते दिल्लीत आले, काही काळ टांगा हाकला आणि मग करोलबागेत मसाल्याचं दुकान थाटलं. पुढे फेटा आणि पांढऱ्या मिशांचा त्यांचा चेहरा हाच कंपनीचा शिक्का झाला. जाहिरातीत स्वतः मालकच. या पद्धतीत मॉडेलचा खर्च वाचतो आणि गिऱ्हाइकाला जबाबदार माणूस समोर दिसतो. एकहाती कारभार असेल, तर हे अगदी नैसर्गिक आहे. पण चेहरा जितका मोठा, तितकं पुढच्या माणसाचं काम अवघड. 2020 च्या डिसेंबरमध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी गुलाटी गेले, तोवर तो चेहरा देशभर पोचला होता. तुमच्या वडिलांचा फोटो दोन तालुक्यांत ओळखला जात असेल, तर त्यावर किती भार टाकायचा हे आजच ठरवा.

अमूलची गोष्ट वेगळी, आणि मला सर्वात शिकण्यासारखी वाटते तीही हीच. 1949 साली आणंदला आलेले आणि पुढे अमूल उभी करणारे वर्गीस कुरियन कडक शिस्तीचे म्हणून ओळखले जात, दुधाच्या बाबतीत तर फारच. पण 1966 मध्ये लोण्याच्या जाहिरातीचं काम जाहिरात क्षेत्रातल्या सिल्वेस्टर डाकुन्हा यांच्याकडे गेलं, तेव्हा याच माणसाने त्यांना मोकळा हात दिला. होर्डिंग लावण्यापूर्वी अमूलची मंजुरी घ्यायची गरज नाही, असं सांगितलं. युस्टास फर्नांडिस यांनी काढलेली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आणि ‘अटर्ली बटर्ली’ ही ओळ या गोष्टी कायम राहिल्या. विषय मात्र रोजच्या बातमीतून यायचा.

असल्या जाहिरातीचा जीव ताजेपणात असतो. काल भारताने सामना जिंकला, तर आज होर्डिंग हवं. मंजुरीसाठी कागद चार टेबलांवरून फिरला, तर विनोद शिळा होतो. म्हणजे अमूलच्या जाहिराती जितक्या चित्रकाराच्या आहेत, तितक्याच कुरियन यांच्या संयमाच्या. या मोकळिकीची किंमतही असते. गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ अशी ओळ आली, तेव्हा मुंबईत तिला तीव्र आक्षेप घेतला गेला. अशा वेळी वरचा माणूस पाठीशी उभा राहणार नसेल, तर खालचा पुढच्या वेळी सपक ओळच लिहील. 2006 मध्ये कुरियन अमूलच्या महासंघातून बाहेर पडले, 2012 मध्ये गेले. ती मुलगी अजून दर आठवड्याला बोलते आहे.

हे पाहून हुरळून अमूलसारखं काहीतरी करू पाहणारे बरेच छोटे धंदे मला दिसतात. पण तिथे दिवाळीच्या फराळाची पोस्ट वसुबारसेला तयार होते आणि भाऊबीजेला मंजूर होते. तुमच्याकडे असं होत असेल, तर ताज्या विषयांवरची जाहिरात तुमच्यासाठी नाही. निदान सध्या तरी नाही.

तिसरं नाव लिज्जत. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन, गच्चीवर पापड लाटून सुरुवात केली. त्यात जसवंतीबेन पोपट होत्या, ज्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. इथे मालक एक नाही. पापड लाटणारी प्रत्येक बहीण सहमालक, नफ्यातोट्यात भागीदार. आणि या रचनेतूनच विक्रीची पद्धत ठरत गेली. सुरुवातीला त्या स्वस्तातला, जरा कमी दर्जाचा पापडही काढत, तेव्हा मार्गदर्शक छगनबापांनी तो बंद करायला सांगितलं. एकच दर्जा. देणग्या घ्यायच्या नाहीत हेही तेव्हाच ठरलं. बहिणींना लाटणावळ वेळच्या वेळी द्यायची, म्हणून वितरकाशी व्यवहारही रोखीचा. उधारीवर माल टाकून बाजार वाढवायचा मोह या रचनेत शिरूच शकत नाही.

सामूहिक निर्णयाला वेळ लागतो, त्यामुळे रोज नवी ओळ इथे शक्य नाही. मग एकच आकृती धरून वर्षानुवर्षं चालायचं. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातातला तो बाहुला ससा आणि ‘कर्रम कुर्रम’ अजूनही चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवतं. संथ कारभाराला संथ, ठाम जाहिरात शोभते.

आता तुमचं. बचत गट चालवत असाल, तर लिज्जतकडे पाहा. बचत गटांच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या कितीतरी गटांचा माल उत्तम असतो, पण प्रत्येक खेपेला चव आणि पाकीट बदलतं. तिथे एजन्सीवर खर्च करण्याआधी एकच दर्जा आणि रोख व्यवहार हे दोन ठराव करून घ्या. मालक एकटा असेल, वय पन्नाशीच्या आत असेल आणि गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखत असेल, तर चेहरा वापरायला हरकत नाही. मात्र पाकिटावर नाव मोठं ठेवा, फोटो लहान.

मुलगा किंवा मुलगी कारभारात आली असेल आणि वडील अजून गल्ल्यावर बसत असतील, तर मी अमूलची वाट धरायला सांगेन, ती अवघड असली तरी. नाव, रंग आणि घटकपदार्थांबद्दलचे दावे वडिलांनी कागदावर लिहून द्यावेत, ते कुणी बदलायचे नाहीत. बाकी सगळं वर्षभर मुलांच्या हाती द्यावं आणि पोस्ट टाकण्याआधी दाखव असं म्हणू नये. एखादी पोस्ट चुकली आणि फोनवर तक्रार आली, तर ती वडिलांनी घ्यावी. हे जमणार नाही असं वडिलांना मनापासून वाटत असेल, तर तसं आत्ताच सांगावं आणि जाहिरातीचे पैसे उडदाच्या डाळीत, मिरचीत, वजनात घालावेत.