दोन टाक्यांचं घरगुती बायोगॅस संयंत्र: दोन किलो खरकट्यावर शेगडी किती वेळ जळते?

एकात एक बसवलेल्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, हे या संयंत्राचं रूप आता ओळखीचं झालं आहे. खरकटं हवेशिवाय कुजतं ती खालची १००० लिटरची पाचक टाकी, तिच्यात उपडी तरंगणारी ७५० लिटरची गॅसची टाकी. ही रचना ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने विकसित झाली आणि २००६ मध्ये तिला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी पिठूळ आणि गोड पदार्थ घालायचे, ही त्यामागची मूळ कल्पना. आज अशीच संयंत्रं अनेक जण बनवून विकतात. हे परीक्षण या साध्या रचनेचं आहे, एखाद्या ब्रँडचं नाही.

आधी जाहिरातीतल्या वाक्याकडे पाहू: ‘दोन किलो कचऱ्यातून अर्धा किलो मिथेन.’ मिथेन म्हणजे बायोगॅसमधला जळणारा भाग. आकडा खोटा नाही, पण तो कोरड्या स्टार्चचा आहे. दोन किलो कोरडं पीठ पूर्ण पचलं तर हिशेबाने सुमारे ५९० ग्रॅम मिथेन निघतो. घरातलं खरकटं मात्र कोरडं नसतं. भाज्यांची देठं, साली, उरलेला भात, आमटीचा गाळ हे सगळं मिळून वजनाचा पाऊण भाग पाणी असतं. उरलेल्या २०-२५ टक्क्यांतूनच गॅस येतो. म्हणून १ किलो ओल्या खरकट्याचा १०० ते १२० लिटर बायोगॅस धरावा, त्यापेक्षा जास्त नाही.

आता शेगडीचा हिशेब. बायोगॅसचा एक बर्नर तासाला साधारण ४५० लिटर गॅस घेतो. चार माणसांच्या घरात रोज किलोभर ओला कचरा निघतो असं धरलं, तर शेगडी पंधरा मिनिटं चालेल (दोन किलोवर अर्धा तास). म्हणजे सकाळचा चहा आणि एखादी भाजी. १ घनमीटर बायोगॅस म्हणजे जवळजवळ ४५० ग्रॅम एलपीजी. या दराने महिन्याला दीड किलो एलपीजी वाचतो आणि १४.२ किलोचा एक सिलिंडर वाचायला नऊ-दहा महिने लागतात. सिलिंडरचा भाव काहीही धरा, फक्त आपल्या घरच्या कचऱ्यावर ही खरेदी पैशांत वसूल होत नाही.

हेच संयंत्र खानावळीशेजारी, पिठाच्या गिरणीजवळ किंवा भाजी मंडईच्या कडेला ठेवा, मग चित्र बदलतं. गिरणीतलं झाडलोटीचं पीठ, कीड लागलेलं धान्य, अखाद्य पेंड यांत पाणी दहा-बारा टक्केच असतं. असं दोन किलो पीठ रोज गेलं तर सव्वा घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो, म्हणजे जवळजवळ तीन तास बर्नर. पाण्याने भरलेल्या सालींना आणि कोरड्या पिठाला एकाच वजनात तोलायचं नाही, एवढं ज्याला कळलं तो फसणार नाही.

ओल्या कचऱ्यासाठी जाळण्यापेक्षा पाचन हाच योग्य मार्ग आहे, याबद्दल मात्र वाद नाही. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला भाग असतो आणि तो जाळायला घेतला की मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा त्यातलं पाणी उडवण्यातच जातो. दिल्लीच्या तिमारपूरला १९८७ मध्ये रोज ३०० टन कचरा जाळणारं संयंत्र उभारलं होतं. आलेल्या कचऱ्यात तेवढी उष्णता नव्हती आणि ते लवकरच बंद पडलं. प्लॅस्टिक, कागद, चिंध्या वेगळ्या आणि खरकटं वेगळं, असं केलं तरच दोन्हीतून काहीतरी निघतं.

रचनेतला खरा दोष दोन टाक्यांमधल्या फटीत आहे. खालच्या टाकीचा व्यास १.१ मीटर आणि वरचीचा ०.९५ मीटर धरा. पृष्ठभागाचा पंचवीस टक्के भाग उघडा राहतो. त्या कडेतून वर येणारे बुडबुडे थेट हवेत जातात. वाया जाणारा गॅस तर आहेच, शिवाय मिथेन हवेत सोडणं पर्यावरणाच्याही विरोधात. वर पुन्हा तिथे डास होतात. उपाय दोन: व्यासातला फरक कमीत कमी असलेली जोडी निवडा, किंवा वरची टाकी फक्त पाणी भरलेल्या वेगळ्या गोल चरात तरंगते अशी रचना घ्या. ती महाग पडते, पण फटीतली गळती आणि वास दोन्ही थांबतात. साध्या रचनेवर निदान मच्छरदाणीची जाळी बांधाच.

दाबाकडे कुणी लक्ष देत नाही आणि मग ‘ज्योत मिळमिळीत आहे’ अशी तक्रार येते. वरच्या टाकीचं वजन १५-२० किलो, क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर. दाब निघतो जेमतेम अडीच सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाइतका. बायोगॅसची शेगडी साधारण सात-आठ सेंमी दाब धरून बनवतात. म्हणून टाकीवर आणखी ३५ किलो वजन ठेवावं लागतं, तेही सगळीकडे सारखं, नाहीतर टाकी तिरकी होऊन अडकते. एलपीजीचा दाब याच्या चौपट असतो, त्यामुळे त्याच्या शेगडीचा जेट बदलल्याशिवाय बायोगॅस जोडू नका. जेटचं भोक मोठं लागतं आणि रेग्युलेटर अजिबात नको.

सुरुवात करताना १०० किलोहून जास्त ताजं शेण पाण्यात कालवून टाकी भरायची. त्यातले गवताचे तंतू गाळून काढा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भरणारा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, पेटत नाही. तो सोडून द्या. हवा मिसळलेला पहिला गॅस पेटवायचाही नाही, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की स्फोट होतो. पेटतो का ते पाहायचं ते शेगडीवर, टाकीच्या कॉकवर काडी लावून नव्हे.

गॅस पेटू लागला की रोज २०० ग्रॅमपासून हळूहळू वाढवत जायचं. इथे घाई केली की संयंत्र बिघडतं. आम्ल तयार करणारे जीवाणू काही तासांत दुप्पट होतात, मिथेन बनवणाऱ्यांना काही दिवस लागतात. खाणं जास्त झालं की आम्ल साचतं, सामू (पीएच) ६.५च्या खाली जातो, आंबूस वास सुटतो, फेस येतो आणि टाकी भरलेली दिसूनही ज्योत विझते. मग आठवडाभर काही घालायचं नाही, थोडं चुन्याचं पाणी आणि एक-दोन बादल्या शेणकाला द्यायचा. सामू मोजायच्या पीएच पट्ट्या स्वस्त असतात, घरात ठेवा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात आम्ल बनण्याचा आणि मिथेन बनण्याचा असे हे दोन टप्पे वेगवेगळ्या टाक्यांत होतात, म्हणून ते असा चढउतार जास्त सोसतं. पण ते सोसायटी किंवा कँटीनच्या आकाराचं आहे.

काय घालू नये: कांद्या-लसणाची सुकी सालं, नारळाची शेंडी, शेवग्याच्या शेंगांची चोयटी, मक्याची बुरकुंडं, हाडं, अंड्याची टरफलं. ही पचत नाहीत आणि पाइप तुंबवतात. लिंबू-संत्र्यांच्या सालीतलं तेल जीवाणूंना मारक. फिनेल किंवा साबणाचं पाणी तर अजिबात नको. बाकी सगळं मिक्सरमधून काढून, तेवढंच पाणी घालून ओतावं. पाणी वाचवायचं तर बाहेर आलेली स्लरी, म्हणजे पातळ काला, पुन्हा वापरा, उरलेली पातळ करून झाडांना.

बाल्कनीत ठेवण्याचा विचार असेल तर थांबा. भरलेल्या टाकीचं वजन टनाच्या वर जातं, ते सारं एका चौरस मीटरवर. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार गृहीत धरलेला असतो. जागा जमिनीवरची हवी, उन्हातली. ३५ अंशांच्या आसपास काम उत्तम चालतं. कोकणात वर्षभर अडचण नाही, नाशिक-पुण्याच्या थंडीत गॅस निम्म्यावर येऊ शकतो. तेव्हा खाणंही कमी करायचं.

घेताना दुकानात तीन गोष्टी बघा. स्लरी आत जाणारा पाइप तळापर्यंत पोचतो का आणि निदान तीन इंची आहे का. बाहेर पडणारा पाइप समोरच्या बाजूला आहे की त्याच कडेला. त्याच कडेला असेल तर न पचलेलं खरकटं सरळ बाहेर येतं. आणि गॅसच्या नळीत सर्वांत खालच्या वळणावर पाणी काढायला टी व कॉक दिलाय का. तो नसला की नळीत पाणी साचतं, ज्योत नाचायला लागते आणि दोष मात्र टाकीला दिला जातो.