घाटासाठी टर्बो निवडताना : उद्यमनगरातील एका कामाचा अनुभव

आमची पिकअप २०१८ सालची, २,५२३ सीसीच्या चार सिलिंडर कॉमन रेल इंजिनाची आहे. कोल्हापुरातल्या वाचकांना एवढी खूण पुरेशी आहे. गुऱ्हाळे चालू असतात तोवर ती शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे घेऊन कोकणात उतरते आणि एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढून परत येते. म्हणजे भरल्या गाडीला खरा चढ लागतो तो परतीच्या वाटेवर, साखरप्याच्या पुढे, आणि तोही ऐन उन्हाळ्यात. गेल्या हंगामात या चढावर गाडी काळा धूर सोडू लागली, तिसऱ्या गिअरमध्ये दम धरेनाशी झाली आणि मागून येणाऱ्या एसटीला वाट देण्यासाठी वळणावळणावर बाजूला घ्यावी लागू लागली. त्यानंतर टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या) झोतावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे यंत्र, बदलण्याचे ठरवले. शिवाजी उद्यमनगरातील एका टर्बो दुरुस्तीच्या दुकानातून हे काम करून घेतले, त्याला आता सात महिने आणि सुमारे ९,००० किलोमीटर झाले आहेत. या लेखात त्या दुकानाच्या कामाबद्दल आणि त्याहून अधिक म्हणजे टर्बो कसा निवडला याबद्दल लिहीत आहे, कारण निवड चुकली असती तर उत्तम बसवलेला टर्बोही निरुपयोगी ठरला असता.

या दुकानात जाण्यापूर्वी मी दुसऱ्या एका विक्रेत्याकडे गेलो होतो. त्याने मला साडेतीन लिटरहून मोठ्या इंजिनाच्या ट्रकवरून उतरवलेला एक टर्बो दाखवला आणि जितका टर्बो मोठा तितकी ताकद जास्त, असे ठामपणे सांगितले. इंटरनेटवर जे वाचायला मिळते तेही याच विचाराला पोसणारे असते. तेथील बहुतेक चर्चा अमेरिकेतील ५.९ आणि ६.७ लिटरच्या कमिन्स इंजिनांच्या पिकअपबद्दल असते आणि त्यांत ६२ ते ६६ मिलिमीटरच्या कंप्रेसर चाकांचे (टर्बोतील हवा दाबणाऱ्या चाकांचे) आकडे सहज फेकले जातात. ते आकडे त्या इंजिनांसाठी योग्यच आहेत. पण त्यांतले लहान इंजिनही आपल्या इंजिनाच्या सव्वादोन पटींहून मोठे आहे. तिकडे लहान आणि मोठा असे दोन टर्बो एकामागोमाग जोडण्याचीही पद्धत आहे. लहान टर्बो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर लवकर जागा होतो आणि मोठा पुढे भार उचलतो, म्हणून ती जोडणी अवजड ओढकामाला फार चांगली ठरते. मात्र आपल्या बॉनेटखाली तेवढी जागा नाही, पाइप आणि सांधे दुप्पट होतात आणि खर्च तर गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. त्यामुळे एकच टर्बो, पण नेमका कोणता, एवढाच प्रश्न माझ्यासमोर होता.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “घाट कंच्या गिअरमधनं चढतासा, ते आधी सांगा.” या एका प्रश्नामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मी तिसरा आणि पुष्कळदा दुसरा गिअर सांगितल्यावर त्यांनी तेव्हा इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते विचारले. त्या सोळाशे ते बाविसशेच्या दरम्यान असतात. मग त्यांनी एका जुन्या बिलाच्या पाठीवर जो हिशेब मांडला तो इथे देतो, कारण कोणत्याही डिझेल गाडीच्या मालकाला तो आपल्या इंजिनासाठी करता येईल.

चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाएवढी हवा घेते. २,५२३ सीसीचे इंजिन १,६०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे २,००० लिटर हवा ओढू शकते आणि व्हॉल्व्ह व पाइपांतील अडथळे धरले तर प्रत्यक्षात १,७०० लिटरच्या आसपास. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने येथील हवा किनाऱ्यापेक्षा विरळ आहे. त्या १,७०० लिटर हवेचे वजन जेमतेम पावणेदोन ते १.९ किलो भरते. आता या फेऱ्यांवर मला २३० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) हवा असेल, तर सुमारे ५२ अश्वशक्ती निर्माण व्हावी लागते आणि तिच्यासाठी मिनिटाला साधारण १६० ग्रॅम डिझेल जळावे लागते. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास रसायनशास्त्राच्या हिशेबाने साडेचौदा ग्रॅम हवा पुरते, पण डिझेल इंजिनात इंधन आणि हवा नीट मिसळायला वेळ अपुरा असतो, म्हणून धूर टाळायचा तर वीस-बावीस पट हवा द्यावी लागते. बावीस पटीने ती साडेतीन किलो होते. म्हणजे टर्बोने १,६०० फेऱ्यांवर नैसर्गिक हवेच्या जवळजवळ दुप्पट हवा कोंबली पाहिजे आणि इंटरकूलरमधून (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीतून) थंड होऊन आलेल्या हवेसाठी त्याचा अर्थ गेजवर सुमारे एक बार दाब, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त, असा होतो.

याउलट ३,००० फेऱ्यांवर ८० अश्वशक्ती हवी असेल तर मिनिटाला सव्वापाच किलो हवा लागते, पण तिथे इंजिन स्वतःच साडेतीन किलोच्या आसपास ओढत असते. दीडपट हवेने काम भागते. वरच्या फेऱ्यांवर आमच्या मूळ टर्बोला काहीच अवघड नव्हते. अवघड होते ते खालच्या फेऱ्यांवर, जिथे एक्झॉस्टचा झोत क्षीण असतो आणि मागणी सर्वांत जास्त. ट्रकवरचा तो मोठा टर्बो बसवला असता तर या झोतावर त्याचे चाक पुरेसे फिरलेच नसते. आणि कसाबसा दाब तयार झाला असता, तरी एवढ्या कमी प्रवाहाला इतका दाब म्हणजे त्या कंप्रेसरच्या दाब-प्रवाहाच्या आलेखावर सर्ज रेषेच्या, म्हणजे प्रवाह स्थिर राहण्याच्या हद्दीच्या, डावीकडचा बिंदू. तिथे हवा चाकावर टिकत नाही, उलटी फिरते, फडफड आवाज येतो आणि थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) घाव बसत राहतात. मी मोठा टर्बो घ्यायला निघालो होतो आणि माझ्या कामाला प्रत्यक्षात लवकर फिरणारा, आटोपशीर टर्बो हवा होता, हे त्या बिलाच्या पाठीवर अर्ध्या तासात स्पष्ट झाले.

व्हेरिएबल व्हेनचा टर्बो हा या गरजेवरचा खरा सुंदर उपाय आहे, कारण त्यातील पाती कमी फेऱ्यांवर मिटून झोत अरुंद करतात आणि वर उघडतात. पण ती पाती हलवणारा अ‍ॅक्च्युएटर आणि त्याला आज्ञा देणारे नियंत्रण आमच्या गाडीत नाही. शेवटी ठरले ते असे : टर्बाइन हाउसिंग (एक्झॉस्टवर फिरणारे चाक ज्यात बसते ते कवच) मूळपेक्षा एका मापाने अरुंद गळ्याचे, कंप्रेसरचे चाक अखंड अ‍ॅल्युमिनियममधून कातलेले आणि व्यासाने फक्त दोन मिलिमीटर मोठे, शाफ्ट व तरते बेअरिंग नवे आणि वरच्या फेऱ्यांवर दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट चाकाला वळसा घालून सोडणारी झडप) नव्याने लावलेला.

जुना टर्बो खोलल्यावर जे दिसले तेही महत्त्वाचे आहे. शाफ्ट बोटाने आडवा हलवला तर थोडा खेळ जाणवतो, तो तेलाच्या थरासाठीच ठेवलेला असतो. पण तो आत-बाहेर हाताला जाणवेल इतका हलता कामा नये. आमचा हलत होता. कारण शोधताना तेल आणणाऱ्या बारीक पाइपात जळलेल्या तेलाचा कोळसा सापडला. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणारा शाफ्ट केवळ तेलाच्या पडद्यावर तरंगत असतो आणि त्याला तेल पोहोचवणारी वाटच अर्धी बुजलेली होती. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये हा पाइप कोणीही काढून पाहिला नव्हता. येथे तो साफ न करता थेट नवाच घालण्याचा आग्रह धरला गेला, आणि तो आग्रह योग्य होता. जुन्या पाइपावर नवा टर्बो बसवणे म्हणजे त्याचेही आयुष्य आधीच मोजून देणे.

बॅलन्सिंग माझ्यासमोर मशीनवर झाले आणि त्याचा छापील आलेख मला दिला गेला. हाउसिंगचा फ्लँज किंचित वाकलेला होता, तो शेजारच्याच कारखान्यात तासाभरात सपाट करून आणला. ओतकामाच्या आणि लेथच्या या गावात अशी कामे हाकेच्या अंतरावर होतात याचे मला खरोखर मोल वाटते. हवा वाढवली तरी इंधनाचा नकाशा (कधी किती डिझेल सोडायचे याचा तक्ता) तोच राहिला तर डिझेल गाडीची ताकद फारशी वाढत नाही, म्हणून ईसीयूत (इंजिनाच्या संगणकीय नियंत्रकात) माफक बदल करून घेतला. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमापक बसवला आणि चढावर ७०० अंशांच्या वर जायचे नाही, असे ठरवले.

तक्रारी आहेत. चार दिवसांत देतो म्हणून सांगितलेली गाडी नऊ दिवसांनी मिळाली आणि त्या काळात भाड्याच्या गाडीचा भुर्दंड मला सोसावा लागला. सहाशे किलोमीटरनंतर तेल परतीच्या पाइपाच्या सांध्यातून तेल पाझरू लागले. गॅस्केट विनामूल्य बदलून दिले, पण पहिल्याच वेळी ते नीट बसायला हवे होते. बिलावर कोअर (टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगसह मधला भाग) कोणत्या बनावटीचा आहे याचा उल्लेख नव्हता, तो मागून लिहून घ्यावा लागला. सर्व मिळून २७,५०० रुपये झाले, ईसीयूचे काम वेगळे.

कायद्याची बाजूही टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. त्यामुळे मी काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा केली आणि विमा कंपनीला लेखी कळवले. बीएस-४ गाडीसाठी धुराची मर्यादा (प्रकाशशोषण गुणांक) प्रति मीटर १.६२ आहे, काम झाल्यावर पीयूसीत गाडी तिच्या बरीच आत राहिली. १ एप्रिल २०२० नंतरच्या, डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी गाळणारा फिल्टर) असलेल्या गाडीवर असे काम करायला या दुकानाने माझ्यादेखत एका ग्राहकाला नकार दिला, हेही नोंदवले पाहिजे.

आता गाडीचा अनुभव. १,६५० फेऱ्यांवर गेज ०.९५ बार दाखवतो. पूर्वी तिथे ०.६ मिळत असे. साखरप्याहून वर येताना जिथे दुसरा गिअर घ्यावा लागत होता, तिथली बहुतेक वळणे तिसऱ्यात निघतात. आरशात काळा धूर दिसत नाही आणि तापमान ६८० च्या आसपास स्थिरावते. मायलेज वाढले असे मी म्हणणार नाही. फरक मोजण्याइतका नाही. उणीव एकच आणि ती निवडीतच अंतर्भूत होती : अरुंद हाउसिंगमुळे २,९०० फेऱ्यांनंतर इंजिन गुदमरल्यासारखे होते आणि महामार्गावर सातारच्या दिशेने रिकामी गाडी पळवताना ते जाणवते. ज्यांची गाडी बहुतांश पुणे-बेंगळुरू महामार्गावरच धावते त्यांनी मूळ मापाचेच हाउसिंग ठेवावे.

थंड इंजिन रेटायचे नाही आणि घाट चढून आल्यावर दोन मिनिटे गाडी चालू ठेवूनच बंद करायची, हे आमच्या चालकाने अंगवळणी पाडले आहे. १०,००० किलोमीटरवर शाफ्टचा खेळ पुन्हा तपासण्यासाठी मिस्त्रींनी गाडी बोलावली आहे. आंब्याची पहिली खेप भरण्याआधीच ती तिथे नेणार आहे.