रत्नागिरीतली टीएमटी: चाचणी चोख, अहवाल तोकडा

पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढायचा, एवढ्यासाठी रत्नागिरीकरांना आता कोल्हापूर-मुंबई गाठावी लागत नाही. शहरातल्या एका खासगी हृदयरोग केंद्रातल्या या चाचणीबद्दल, म्हणजे टीएमटीबद्दल (ट्रेडमिल टेस्ट), हे लिहितोय. पाचपैकी साडेतीन.

जमेची बाजू म्हणजे तयारी. दहा इलेक्ट्रोड चिकटवण्याआधी छातीवरचे केस काढतात, त्वचा स्पिरिटने पुसून जरा खरवडतातही. कंटाळवाणं काम आहे, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी उरकून टाकतात. आपल्या दमट हवेत तिसऱ्या टप्प्याला घामाच्या धारा लागल्या की अर्धवट चिकटलेला इलेक्ट्रोड सुटतो, रेघ थरथरायला लागते, आणि आलेखातल्या एसटी भागाची (प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरची सपाट रेघ) जी १ मिलिमीटरची घसरण शोधायची तीच त्या गोंधळात हरवते. इथे वायरी जाळीदार बनियनमध्ये बसवतात आणि एसी खरोखर चालू असतो.

पद्धत ब्रूसची, म्हणजे ठरलेल्या टप्प्यांची. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात: आधी ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, मग ४ किमी आणि १२ टक्के, पुढे साडेपाच किमी आणि १४ टक्के. रोज बागेची घाटी चढणारा माणूस तिसरा टप्पा बोलत बोलत काढतो. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याला दुसऱ्यातच धाप लागते. तंत्रज्ञ सारखा बजावत असतो, "दांडीला नुसती बोटं टेकवा, धरू नका." बरोबर आहे त्याचं. दांडीवर भार टाकला की मिनिटं वाढतात, पण ती पायांची नसतात. डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) हाताशी. चालताना वरचा रक्तदाब वाढायच्या ऐवजी १० पेक्षा जास्त उतरला आणि आलेखही बिघडायला लागला, तर पट्टा तिथेच थांबवतात. थांबल्यावरही काही मिनिटं आलेख चालू ठेवतात, कारण काहींची रेघ विश्रांतीतच घसरते.

आता तक्रारी. वेळ देताना फोनवर "हलकं खाऊन या, बूट घालून या" एवढंच सांगतात; गोळ्यांचं कोणी विचारत नाही. मेटोप्रोलॉलसारखी नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी वर चढतच नाही. साठीच्या माणसाला २२० वजा वय ६० म्हणजे १६०, त्याचे ८५ टक्के म्हणजे १३६ ठोके गाठायचे असतात. तो ११० वर अडकला, तर चाचणी ना इकडची ना तिकडची. देवरुखहून पहिल्या एसटीने आलेल्याला पुन्हा बोलावणं हा शुद्ध छळ आहे. गोळी थांबवायची की नाही हे आपल्या डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका. तंबाखू आणि मिश्री मात्र किमान ३ तास आधीपासून बंदच.

दुसरी तक्रार मोठी. हातात ठेवतात ती एक ओळ: "टीएमटी निगेटिव्ह", म्हणजे दोष दिसला नाही. किती मिनिटं चालला, किती मेट्स (श्रमाचं माप) झाले, नाडी-रक्तदाब कुठवर गेले, का थांबवलं, थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ पेक्षा जास्त उतरली का, यातलं काही नाही. पाच मिनिटांत पाय दुखून थांबलेल्याचं निगेटिव्ह आणि ११ मिनिटं चाललेल्याचं निगेटिव्ह यांत जमीन-अस्मानाचा फरक. मागितल्यावर आलेखाच्या पट्ट्या छापून देतात, कुरकुर न करता. तेव्हा मागाच.

चाचणीची मर्यादा ही काही केंद्राची चूक नव्हे. हृदयाच्या मुख्य धमन्या अडलेल्यांपैकी साधारण तिघांतला एक हिच्यातून निसटतो, आणि बायकांमध्ये खोटं पॉझिटिव्ह जास्त येतं. धमनीतला चरबीचा लहानसा थर फुटून येणारा झटका तर हिला आधी दिसतच नाही. डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेतला अडथळा) किंवा पेसमेकर असेल तर इथे पैसे घालवू नका. स्ट्रेस इको (ताण देऊन हृदयाची सोनोग्राफी) किंवा थॅलियमबद्दल (किरणोत्सारी औषध टोचून काढलेलं हृदयाचं चित्र) विचारा. आणि बसल्या जागी छाती भरून येत असेल, तर टीएमटीची वेळ घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: संगणक यूपीएसवर आहे, पट्टा नाही. मध्येच वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत पट्टा बंद, आणि दम खाऊन सगळं पहिल्या टप्प्यापासून.