मोठ्या मापातली पहिली तोफ: अठरा पौंडी की बोफोर्स?

अख्ख्या जहाजाची प्रतिकृती करायला घरात जागा नाही आणि तेवढी वर्षंही हाताशी नाहीत, म्हणून जहाजावरची एकच तोफ मोठ्या मापात करू, असं ठरवून बरेच जण या छंदात येतात. निर्णय चांगला आहे. घोडं अडतं ते पुढे, कुठली तोफ करायची यावर. माझ्याकडे विचारणा करणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दोनच पर्याय असतात. एक, शिडाच्या जहाजावरची, लाकडी गाड्यावर बसणारी, तोंडाकडून भरायची तोफ. दुसरा, महायुद्धातली विमानविरोधी ४० मिमी बोफोर्स. मी दोन्ही केल्या आहेत. दोन्हींत आनंद आहे, पण तो वेगवेगळ्या कामांतून मिळतो. जुन्या तोफेत तीन हिस्से घडवणं आणि एक हिस्सा रंगवणं असतं. बोफोर्समध्ये हे प्रमाण बरोबर उलटं होतं. निवड करताना इतिहासाची आवड जेवढी बघाल, तेवढंच आपल्या हाताला काय रुचतं तेही बघा.

'जुनी तोफ' म्हटलं तर हजार प्रकार निघतील, म्हणून नेमकं उदाहरण घेतो: एचएमएस ट्रिंकोमाली. ब्रिटिश नौदलाची ही फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची शिडाची युद्धनौका, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधली गेली आणि १८१७च्या ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरली. तिचे नकाशे घेऊन येणारं एचएमएस जावा हे जहाज १८१२मध्ये अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेशी झालेल्या लढाईत गेलं, त्यामुळे नकाशे पुन्हा मागवावे लागले होते. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, पाण्यावर तरंगत, लोकांना बघायला खुली. या वर्गाच्या जहाजांचा मुख्य मारा अठरा पौंडी तोफांचा. गोळा अठरा पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोच्या आसपास. नळी नऊ फूट. मला १/१२ हे माप इथे सगळ्यात आवडतं, कारण फुटाचा एक इंच होतो आणि गणित तोंडी करता येतं. नऊ फुटी नळी नऊ इंचांची होते. तोफेचं तोंड अकरा मिलिमीटर भरतं आणि गोळ्यांसाठी बेअरिंगच्या साडेदहा मिलिमीटरच्या गोळ्या चालतात. टेबलावर ठेवल्यावर ती खेळण्यातली वाटत नाही. उचलून बघावी असं कुणालाही वाटतं.

बोफोर्स म्हटलं की आपल्याकडे १९८६च्या व्यवहारातली १५५ मिमीची तोफ आठवते. ती वेगळी, फक्त कारखान्याचं नाव एक. ४० मिमीची तोफ त्याच्या कितीतरी आधीची. स्वीडनच्या नौदलाच्या मागणीवरून १९२८च्या सुमारास तिचं काम सुरू झालं आणि दुसऱ्या महायुद्धात ती दोस्तांच्या जवळपास प्रत्येक मोठ्या जहाजावर दिसू लागली. वरून चार-चार काडतुसांच्या क्लिपा टाकत राहायचं, बाकी काम तोफ स्वतःच्या धक्क्याच्या जोरावर करते, मिनिटाला सुमारे १२० फैरी. आपल्या पहिल्या विक्रांतवरही याच तोफा होत्या. १९६१ ते १९९७ सेवा, नंतर मुंबईत काही वर्षं संग्रहालय, आणि २०१४मध्ये ती मोडीत निघाली. संग्रहालय असताना ज्यांनी तिच्या डेकवरून फेरी मारली आहे, त्यांना ही तोफ करताना हात वेगळ्याच मायेने चालतो. मी त्यांच्यातला एक.

किट घेणार असाल तर खोक्यावरचं चित्र नीट बघून घ्या. १/३५मध्ये प्लॅस्टिकची बोफोर्स सहज मिळते, पण ती बरेचदा जमिनीवरची असते: चार रबरी चाकांचा गाडा आणि उघडी नळी. जहाजावरच्या दोन नळ्यांच्या आणि चार नळ्यांच्या तोफांत नळ्या पाण्याने थंड केलेल्या असतात. नळीभोवती जाड वेष्टण असतं, खाली डेकला बोल्टने बसवलेली फिरती बैठक असते. जमिनीवरची तोफ आणून तिची जहाजावरची करू म्हणाल तर अर्ध्याहून अधिक तोफ नव्याने करावी लागते. पहिल्याच कामात हे नको.

आता प्रत्यक्ष कामाकडे. अठरा पौंडीची नळी हा पहिला घाट. तयार किटमध्ये ती ओतीव धातूची येते. तसं नसेल तर लाटणी-पोळपाट करणारा कातारी किंवा छोटा लेथवाला गाठावा लागतो. नळी सरळ निमुळती नसते. ती टप्प्याटप्प्याने बारीक होत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर कडी आणि गोलाई असते. जाड पुठ्ठ्याचा साचा कापून दिलात तर कातारी तो लावत लावत अचूक नळी काढून देतो. तोंडी सांगितलंत तर हमखास फसते. त्या काळच्या ब्रिटिश तोफांच्या ब्लोमफील्ड घडणीत मागच्या बोंडावर एक कडं असतं आणि त्यातून तोफ धरून ठेवणारा जाड दोर जातो. कातून ते कडं निघत नाही. पितळी तार वाकवून वेगळं बसवावं लागतं. नळीच्या पाठीवर राजाचं चिन्ह असतं, जॉर्ज राजाची अक्षरं आणि वर मुकुट. १/१२मध्ये ते नखाएवढं येतं. एपॉक्सी पुट्टीचा पातळ थर लावून तो अर्धवट कडक झाला की सुईने कोरायचं. माझी दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि त्या संपूर्ण कामातल्या सगळ्यात सुखाच्या संध्याकाळी त्याच.

गाड्यासाठी साग वापरायचा मोह होतो, विशेषतः जहाज मुंबईच्या सागाचं आहे म्हटल्यावर. वापरू नका. सागाचे रेशे या मापात दोरखंडाएवढे जाड दिसतात. मूळ गाडेही बहुधा एल्मचे असत. आपल्याकडे हेदू मिळाला तर उत्तम. बारीक पोताचा, पिवळसर, पटाशीखाली तुटत नाही. बाजूच्या दोन फळ्यांना मागच्या बाजूला पायऱ्या असतात. त्या एकत्र बांधून एकदमच कापा, म्हणजे दोन्ही फळ्या जुळतात. दोर बाजारचा नको. सुती दोऱ्याचे पदर हँडड्रिलला लावून स्वतः पीळ द्या. तोफेच्या मागून जाणारा मुख्य दोर साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचा लागतो आणि कप्प्यांतून जाणारे त्याहून बारीक. पीळ झाला की मेण चोळा, उठलेले तंतू बसतात. दोर जमला तर तोफ जिवंत वाटते. बाजारातला गुळगुळीत नायलॉन लावला की बाकी महिनाभराची मेहनत फुकट जाते.

बोफोर्सची जुळणी याच्या मानाने लवकर होते. चार-पाच रविवारांत तोफ उभी राहते. कठीण आहे ते बारीकपण. १/३५मध्ये नळीचं भोक एक मिलिमीटरपेक्षा थोडंसंच मोठं आणि अख्खं काडतूस जेमतेम तेरा मिलिमीटर लांब. प्लॅस्टिकची नळी दोन अर्धुकांत येत असेल तर जोड घासताना ती हटकून लंबगोल होते, म्हणून लेथवर काढलेली पितळी नळी वेगळी घ्या. या तोफेवर एवढा एकच जादा खर्च मला अटळ वाटतो. नेम धरायची जाळीदार चक्रासारखी पट्टी पितळी पत्र्याच्या कोरीव भागातून येते. ती वाकवताना हात थरथरला तर परत सरळ होत नाही. डोळ्यांना त्रास असेल तर भिंगाचा दिवा आधी घ्या, किट नंतर.

रंगात मात्र बोफोर्स भाव खाऊन जाते. सपाट करडा रंग मारलात तर ती शिशाचा ठोकळा दिसते. काळा प्रायमर, त्यावर मुख्य करडा, मग त्यातच पांढरा मिसळत वरच्या पृष्ठभागांवर फिका हात, आणि कोपऱ्यांतून पातळ तपकिरी-काळा ओघळू द्यायचा. बोल्टचं एकेक डोकं तेव्हा वर येतं. एवढं हलकं रंगांतर ब्रशने नीट जमत नाही. त्याला एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, लागतो, म्हणजे कॉम्प्रेसर, मास्क आणि वास बाहेर जाईल अशी खिडकी. गंजाचा हात आखडता ठेवा. जहाजावर खलाशी सतत खरवडत आणि रंगवत असतात. गंज येतो तो बोल्टखाली, पायऱ्यांच्या कडांना, पाणी साठतं तिथे. उलट फिरत्या सांध्यांवर ग्रीसचा ओला काळसरपणा हवा. शेवटी क्लिपांतल्या काडतुसांची पितळी चमक. करड्या तोफेवर तेवढाच एक उबदार रंग असतो आणि नजर थेट तिथे जाते.

अठरा पौंडीला साधे ब्रश पुरतात. नळी काळी, पण डबीतला शुद्ध काळा नको, त्यात थोडा तपकिरी आणि करडा घाला. वाळल्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने कडांवर चोळली की ओतीव लोखंडाची थंड झाक येते. हे लोखंड खरं कसं दिसतं ते बघायला इंग्लंडला जावं लागत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर उत्तरेच्या तटावर चाकांवरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. ओहोटीला चालत जाता येतं. तोफा वेगळ्या प्रकारच्या आहेत, माप घ्यायच्या कामाच्या नाहीत, पण खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचा पोत कसा होतो, कडा कुठे उजळतात आणि खोबणीत काय रंग साठतो, हे तिथे वीतभर अंतरावरून दिसतं. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. गाड्याला पिवळट मातकट किंवा तांबडा रंग द्या. ब्रिटिश जहाजांवर दोन्ही चालत. पातळ तीन हात, आणि मग जिथे दोर घासतो, जिथे पहार घालून गाडा सरकवतात, तिथेच रंग झिजवा. सगळीकडे सारखी झीज दाखवली की ती खोटी वाटते.

एक गोष्ट दोन्हींना लागू: पावसाळा. मी बोफोर्सवर जुलैतल्या एका दुपारी लॅकरचं मॅट वॉर्निश फवारलं आणि दहा मिनिटांत सगळ्या तोफेवर दुधी साय धरली. हवेतली ओल त्यात अडकली होती. त्या क्षणी पोटात खड्डा पडला. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत नुसत्या थिनरचा हलका फवारा मारल्यावर बरीचशी साय उतरली, पण एका बैठकीवर पुन्हा रंग द्यावाच लागला. लाकडाचंही तेच. पावसात कापलेली फळी हिवाळ्यात आकसते आणि सांधा उघडतो. लाकूड कापायचं तर दिवाळीनंतर, फवारणी ऑक्टोबर ते मे. पावसाचे महिने दोर वळायला, मापं काढायला आणि बारीक भाग घासायला ठेवा.

चुका सुधारण्याच्या बाबतीत जुनी तोफ फार उदार आहे. फळी बिघडली तर दुसरी कापता येते आणि तिची किंमत नगण्य. बोफोर्सचा कोरीव भाग हरवला तर अख्खा पत्रा पुन्हा मागवावा लागतो. म्हणून पहिली तोफ, घरात एअरब्रश नाही आणि हाताला करवत-कानस आवडते, अशांना मी निःसंकोच अठरा पौंडी सांगतो, तीही १/१२ मध्ये. आधी प्लॅस्टिकची विमानं किंवा रणगाडे केले असतील, एअरब्रश घरात पडून असेल आणि रंगकामातच जीव रमत असेल, तर बोफोर्स घ्या. तुमचं जे कौशल्य आहे त्याला तिच्यावर पुरेपूर वाव मिळेल. दोन्हींत मन समान ओढत असेल, तरी माझा कौल अठरा पौंडीला. तिच्यात शिकलेलं घासणं, जुळवणं आणि थांबणं बोफोर्सवर कामी येतं, उलटं तेवढं येत नाही.

आणि अठरा पौंडी सुरू केलीत तर चारही चाकं एका मापाची कातून घेऊ नका. डेक जहाजाच्या कडेकडे उतरता असतो, तोफेचं तोंड त्या कडेला, म्हणून पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठी असतात. कातारीकडे जाताना दोन साचे न्या.