जवाहर नवोदय की साताऱ्याची सैनिक शाळा?

मूल पाचवीत गेलं आणि जरा हुशार वाटलं की घरात ही दोन नावं निघतातच. दोन्ही शाळा निवासी, दोन्हीकडे सीबीएसई, दोन्हीकडे सहावीला परीक्षा देऊनच प्रवेश. पण त्या काढल्यात वेगवेगळ्या कामांसाठी, आणि निवड करताना आधी तेच बघावं.

सैनिक शाळेचं सरळ आहे: मुलांना एनडीएसाठी, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयार करायचं. साताऱ्याची शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, देशातली पहिली. पहाटेची पीटी, परेड, गणवेशाची शिस्त हा तिथं रोजचा दिनक्रम. निवडीत वैद्यकीय तपासणीही असते. २०२१-२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे.

नवोदयचा हेतू आहे खेड्यातल्या हुशार मुलांना घरची परिस्थिती आड न येता चांगलं शिक्षण देण्याचा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. नाव नेहरूंचं असलं तरी योजना त्यांची नव्हे. ते १९६४ साली गेले. नवोदय आलं १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून, आणि अगदी सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. उलट सैनिक शाळा सुरू झाल्या त्या नेहरू पंतप्रधान असताना! शिवाय नेहरू स्वतः शिकले हॅरोत, म्हणजे इंग्लंडातल्या बड्या घरच्या मुलांच्या बोर्डिंगात. त्यांचं नाव लागलं ते राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे फुकट देणाऱ्या शाळेला.

तरी ते नाव एका ठिकाणी शोभतं, ते म्हणजे नववीचं मायग्रेशन. हिंदी आणि अहिंदी राज्यांतल्या शाळा आपली सुमारे ३० टक्के मुलं वर्षभरासाठी एकमेकींकडे पाठवतात. भाकरी-पिठल्यावर वाढलेलं चौदा वर्षांचं पोर परक्या मुलखात, परक्या भाषेत वर्ष काढतं. नेहरू ज्या विविधतेतल्या एकतेबद्दल बोलत, ती इथं मेसच्या ताटात येते. काही पालकांना हेच नको असतं. माझ्या मते नवोदयमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

पैशाचा फरक मोठा आहे. नवोदयला नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. सरकारी नोकरांच्या मुलांना हा निधी जास्त भरावा लागतो. सैनिक शाळेची वर्षाची फी लाखाच्या वर जाते. उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते, पण ती गृहीत धरून हिशेब मांडू नये.

परीक्षा दोन्ही मराठीतून देता येतात. नवोदयच्या ८० प्रश्नांपैकी ४० बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांचे. सैनिक शाळेच्या ३०० गुणांपैकी १५० एकट्या गणिताला. त्यामुळे आकृत्या पटापट सोडवणारं पण गणितात अडखळणारं मूल नवोदयला बरं ठरतं.

आर्मीचं वेड पोरालाच असेल (बापाला नव्हे), तब्येत धड असेल आणि फी झेपणार असेल, तर सातारा. बाकी बहुतेक घरांनी नवोदयच धरावं, खेड्यातल्यांनी तर नक्कीच. फक्त दोन गोष्टी सांभाळा: सहावीसाठी नवोदयची परीक्षा एकदाच देता येते, आणि फॉर्म भरायचा तो मूल राहतं आणि पाचवी शिकतं त्याच जिल्ह्यातून. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते, तेव्हा चौथीत शहरात नाव घालण्याआधी हे बघून घ्या.