टीव्हीमागच्या भिंतीला पीव्हीसी पॅनेल की एमडीएफ?

वहिनी, दुकानदाराची ‘लाइफटाइम वॉरंटी’ बाजूला ठेवा. आधी भिंत बघा, पावसाळ्यात पोपडे सुटतात का? सुटत असतील तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, नकोच. पाणी लागलं की त्याची कड फुगते, ती परत बसत नाही. पीव्हीसी म्हणजे प्लास्टिक; ते फुगत नाही, वाळवीही लागत नाही. पण मागची ओल तशीच राहते, तेव्हा गळती आधी काढाच.

पीव्हीसी सहसा स्वस्त आणि झटपट. एमडीएफ म्हणजे सुतार, प्रायमर, रंग, वर घरभर भुसा. मात्र ओरखडा पडला तर पुट्टी भरून रंगवता येतो. पीव्हीसीची अख्खी पट्टी बदलायची, तीही तोच रंग मिळाला तर!

ओलसर तळमजला, बेताचं बजेट असेल तर पीव्हीसी; फक्त समईजवळ नको, उष्णतेने वाकतं. कोरडी भिंत आणि रंग बदलायची हौस असेल तर एमडीएफ.